उणे सहा

रोज संध्याकाळी घरी निघताना वहिनी फाटकाजवळच्या तपासणी यंत्रात दोन्ही हात घालून उभी राहायची. तिला त्याची गरज नव्हती. जे दिवसभर अणुभट्टीच्या आतल्या भागात काम करत, त्यांच्या हातापायांना काही चिकटून आलंय का हे बघायला ते यंत्र ठेवलेलं. वहिनीची खोली तिथून दोन इमारती अलीकडे होती. खिडकीत झाडाची फांदी, टेबलावर गोंदाची बाटली आणि भिंतीला बिल्ल्यांची फळी. तरी ती पावलांच्या खुणांवर पावलं नीट टेकवायची, बोटं पसरायची आणि मनात पंधरापर्यंत मोजायची. हिरवा दिवा लागला की रुमालाला हात पुसायची, जसं काही यंत्रानंच ते ओले केले होते.

"वहिनी, तुमच्या हाताला शाईशिवाय काय लागणार?" पहारेकरी दर दोन दिवसांनी विचारायचा.

"शाई लागली तरी कळायला नको का?" ती म्हणायची आणि बसच्या रांगेत जाऊन उभी राहायची.

असं बत्तीस वर्षं.

सगळा प्रकल्प तिला वहिनी म्हणायचा, पण खऱ्या नात्यानं ती एकाचीच वहिनी होती. लग्न होऊन आली तेव्हा घरात दोन खोल्या, नवरा आणि नवऱ्याचा आठ वर्षांचा भाऊ. भाऊ इतका किडकिडीत की सगळे त्याला बारक्या म्हणत. पुढे तो दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच झाला, नाव तेच राहिलं. तीन वर्षांत नवरा काविळीनं गेला. नातेवाईक जमले, हळू आवाजात ठरवाठरवी सुरू झाली. तिनं माहेरी जावं, मुलाला काकांकडे ठेवावं. ती आतून म्हणाली, "त्याची सहामाही परीक्षा आहे. ती होऊ दे." परीक्षा झाली. मग वार्षिक आली. पुढे तो विषय कुणी काढला नाही आणि तिनंही निघू दिला नाही.

प्रकल्पात बिल्लेघरासाठी कारकून हवा होता, गणित बरं असलेला. तिचं गणित बरं होतं. रुजू झाल्यावर तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. शिकवायला एक म्हातारे मास्तर, खडूनं माखलेल्या बाह्यांचे. ते म्हणाले, आत काय चालतं हे ज्याला कळत नाही त्यानं त्याचा हिशेब ठेवू नये. वहिनीनं हे वाक्य फार मनावर घेतलं. रोज शिकलेलं संध्याकाळी ती बारक्याला सांगायची. त्याला कळलं तरच आपल्याला कळलं, असा तिचा सरळ हिशेब.

पहिल्या संध्याकाळी तिनं कणकेचा गोळा ताटात ठेवला.

"हे युरेनियमच्या अणूचं केंद्रक. अणूच्या पोटातला गाभा. आत ब्याण्णव प्रोटॉन, आणि त्याहून जास्त न्यूट्रॉन. प्रोटॉन एकमेकांना ढकलत असतात, तरी एका जबरदस्त ओढीनं एकत्र कोंडलेले. कसंबसं टिकलेलं घर. त्यात बाहेरून एक न्यूट्रॉन शिरला." तिनं गोळ्यात वाटाणा खुपसला. "की घर डळमळतं. लांबट होतं. मधे कंबर पडते." गोळा तिच्या बोटांत ताणला गेला आणि तुटला. "झाले दोन तुकडे. याला म्हणायचं विखंडन. आणि तुटताना आतून आणखी दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर उडतात. ते शेजारच्या घरात शिरतात."

"मग शेजारचं घर तुटणार. त्याच्या शेजारचं पण."

"हो."

"मग एका दमात सगळा गाव साफ!"

"म्हणून भट्टीत न्यूट्रॉन गिळणाऱ्या कांड्या सोडतात. एका तुटण्यातून एकच न्यूट्रॉन पुढचं घर तोडायला उरला पाहिजे. जास्त उरले तर भडका, कमी उरले तर भट्टी विझली. आता गंमत ऐक. हे दोन तुकडे आणि ते सुटे न्यूट्रॉन, सगळं एकत्र तोललं तर पहिल्यापेक्षा कणभर कमी भरतं. ते कणभर वस्तुमान हरवत नाही, त्याची ऊर्जा होते. तिनं पाणी उकळतं, वाफेनं चाक फिरतं, आपल्याकडे दिवा लागतो."

बारक्यानं तोंडावर हात मारला. "एवढा खटाटोप पाणी उकळायला?"

"एवढा खटाटोप पाणी उकळायला," ती म्हणाली आणि दोघं हसत सुटले.

दुसऱ्या संध्याकाळी तो स्वतःच ताट घेऊन बसला. "सूर्यात कोण तोडतं?"

"तिथं तोडत नाहीत, जोडतात. हायड्रोजनची केंद्रकं, सगळ्यांत हलकी. ती जवळ यायलाच तयार नसतात, एकमेकांना झटकून टाकतात. पण सूर्याच्या पोटात एवढी उष्णता आणि एवढा दाब असतो की ती जोरात येऊन भिडतात आणि चिकटतात. त्यांचं हेलियम होतं. याला म्हणायचं संमीलन. तिथंही वजन कणभर कमी भरतं. तेच ऊन म्हणून आपल्या अंगावर पडतं."

"मग आपण का नाही जोडत?"

"तेवढी धग धरून ठेवणारं भांडं कुठून आणायचं? मास्तर म्हणाले, त्यांच्या हयातीत जमेल असं वाटत नाही."

बारक्या विचारात पडला. "तोडलं तरी कमी, जोडलं तरी कमी. काहीतरी चुकतंय तुझ्या मास्तरांचं."

ते तिलाही पटलं. तिसऱ्या दिवशी तिनं भर वर्गात विचारलं. मास्तर खूश झाले. हलकी केंद्रकं जोडल्यावर ऊर्जा देतात, जड केंद्रकं तोडल्यावर, ते म्हणाले. मधे लोखंडाच्या आसपास सगळ्यांत घट्ट बांधलेली केंद्रकं असतात. त्यांना तोडा नाहीतर जोडा, पदरात काही पडत नाही. बारक्यानं हे ऐकलं आणि जाहीर केलं, "मग मी लोखंडाचंच काम करणार. बिनधोक."

त्याच संध्याकाळी तिनं त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. तुटलेले तुकडे शांत नसतात. तुटल्याचा त्रास ते किरण फेकून बाहेर काढतात. कुणी क्षणभर, कुणी तीस वर्षं. भट्टी थांबवली तरी त्यांचं चालूच राहतं. नळांमध्ये, झडपांमध्ये बसलेल्या अशाच किरणोत्सारी कणांमुळे आत काम करणाऱ्याला किरणांची मात्रा मिळते. मात्रेला सगळे डोस म्हणत. डोस दिसत नाही, दुखत नाही, म्हणून छातीवर बिल्ला. बिल्ल्यात तीन पांढऱ्या चकत्या. किरण त्यांच्यात साठत जातात. महिनाअखेरीला वहिनी चकत्या यंत्रात तापवणार, तापल्या की त्या किंचित लुकलुकणार आणि लुकलुक जेवढी, तेवढा डोस.

"आणि परत तापवल्या तर?"

"काही नाही दिसणार. एकदा तापवलं की चकती सगळं विसरते. म्हणून एकदाच वाचायचं आणि नीट वाचायचं."

"आणि बिल्ला लपवला तर?"

"शिशाच्या डब्यात ठेवला तर आंधळाच होईल बिचारा," ती म्हणाली. "पण लपवेल कोण? स्वतःलाच फसवायचं?"

बारा वर्षांच्या मुलाला हे सगळं पाठ झालं.

एकोणिसाव्या वर्षी तो प्रकल्पात शिकाऊ फिटर म्हणून लागला. पहिल्या सकाळी बिल्लेघराच्या खिडकीत वाकून ओरडला, "वहिनी, माझा बिल्ला!" मागे तीस जण रांगेत होते. तोवर ती 'बिल्लेवाल्या बाई' होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती सगळ्यांची वहिनी झाली.

तिला आवडलं ते. खिडकीत बसून ती सगळ्यांची खबर ठेवायची. "वहिनी, आमचा बिल्ला काय म्हणतोय, पास की नापास?" असं कुणी विचारलं की, "काठावर. अभ्यास वाढवा," म्हणायची. एकदा भांडारातल्या एका माणसाचा आकडा एवढा मोठा आला की वरपर्यंत धावपळ उडाली. वहिनीनं त्याला समोर बसवून एकच प्रश्न विचारला, "या महिन्यात दवाखान्यात गेला होतात?" गेला होता. छातीचा फोटो काढताना बिल्ला खिशात तसाच ठेवला होता. दिवसभर त्याला सगळे चिडवत होते आणि वहिनीचं नाव चौथ्या मजल्यावरच्या साहेबांपर्यंत गेलं. जास्त आकडा आला की त्याचं मूळ शोधण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. कमी आकड्याकडे मात्र कुणीच बघत नाही. तीही बघत नव्हती.

फळीच्या वरच्या टोकाला एक बिल्ला कायम टांगलेला असायचा, कुणाच्याच छातीवर न जाणारा. त्याला ती घरचा बिल्ला म्हणायची. जमिनीतून, भिंतींतून, आकाशातून थोडे किरण सगळ्यांवरच पडत असतात. ते किती, हे घरचा बिल्ला सांगायचा. महिन्याला बारा नाहीतर तेरा. माणसाच्या बिल्ल्यातून हे बारा-तेरा वजा करायचे, उरेल तो कामावरचा डोस. वजाबाकी ती हातानं करायची. पंचवीस वर्षं केली.

मग नवं यंत्र आलं. वजाबाकी स्वतःच करणारं. बसवायला आलेल्या मेकॅनिकनं विचारलं, "बाई, उत्तर शून्याच्या खाली गेलं तर काय छापायचं?"

"शून्यच छापा. उणे डोस असतो का कुठे?"

तो हसला. तीही हसली. भट्टीत न जाणाऱ्यांच्या बिल्ल्यावर कधी घरच्याएवढं, कधी एखाददुसऱ्या आकड्यानं कमी असं वाचन यायचंच, त्यात काही विशेष नव्हतं. संध्याकाळी बारक्या बायकोला घेऊन जेवायला आला होता, तेव्हा तिनं ताट वाढता वाढता ही गंमत सांगितली. बारक्या म्हणाला, "बरोबर आहे. उणे डोस म्हणजे काय, माणूस कामावरून जास्तच ठणठणीत होऊन आला?" त्याची बायको, वहिनीची जाऊ, हसताना तिला ठसका लागला.

तोवर बारक्या मोठा फिटर झाला होता. त्याच्या हाताखाली सहा जण. वर्षातून एकदा भट्टी महिनाभर बंद ठेवून दुरुस्तीची कामं निघत, त्याला शटडाउन म्हणत. त्या महिन्यात बारक्याची टोळी सगळ्यांत आतल्या खोलीत झडपा उघडायची. त्यांचे बिल्ले तेवढ्या काळापुरते मोठ्या फळीवर न राहता कपडे बदलायच्या खोलीतल्या छोट्या फळीवर असत आणि त्या खोलीची किल्ली बारक्याकडे असायची. नव्या यंत्रानंतरच्या पहिल्याच शटडाउनला त्या सात जणांचे आकडे आले, शून्य. वहिनीला वाटलं, काय शिस्तीत काम केलंय पोरांनी. दुसऱ्या वर्षी शून्य. तिसऱ्या वर्षी तिनं फोन करून सांगितलं, "बारक्या, याही वेळी शून्य! दोघं जेवायला या." मग तो रिवाजच झाला. शटडाउन संपला की शून्य, आणि शून्य आलं की जेवण. जाऊ लवकर येऊन हाताखाली मदत करायची. एक वर्ष तर बारक्यानं ताट पुढे ओढून म्हटलं होतं, "वहिनी, पुढच्या वर्षी एक तरी डोस आणतो, रोज तेच तेच बरं दिसत नाही." केवढी हसली होती ती.

सहाव्या वर्षी, निवृत्तीला चार महिने असताना, यंत्राचा वजाबाकीचा भाग बिघडला. चकत्या वाचल्या जात होत्या, आकडे छापले जात होते, वजाबाकी तेवढी होत नव्हती. नवा भाग यायला आठवडा लागणार होता. वहिनी म्हणाली, थांबायचं कशाला, मला येते की. तिनं पट्टी घेतली, कागदावर रकाने आखले.

बारक्याचा बिल्ला, सात. घरचा बिल्ला, तेरा.

सातातून तेरा गेले.

तिनं खाली रेघ मारली आणि रेघेखाली लिहिलं, उणे सहा. मग पुढचा. आठातून तेरा. सातातून तेरा. सातही बिल्ले घरच्या बिल्ल्याच्या खाली. एखाददुसऱ्या आकड्यानं नव्हे, जवळजवळ निम्म्यानं. आणि सगळे एकमेकांच्या इतके जवळ, जसे एका कुशीत झोपले होते.

जो बिल्ला दिवसातले सोळा तास नुसता भिंतीला टांगलेला असतो, त्याला भिंतीचे तरी किरण लागायला हवेत. रिकाम्या भिंतीवरच्या बिल्ल्यापेक्षा, भट्टीत जाऊन आलेला बिल्ला कमी कसा दाखवेल?

एवढं कळूनही तिनं आधी त्याला वाचवायचा प्रयत्न केला. यंत्र तपासलं. ठरावीक मात्रा दिलेली चकती घालून बघितली, यंत्र अचूक होतं. मग वाटलं, त्या खोलीच्या भिंतीच वेगळ्या असतील. शटडाउननंतर जमा झालेली किल्ली घेऊन तिनं दोन कोरे बिल्ले त्या छोट्या फळीला महिनाभर टांगले. वाचले. चौदा आणि चौदा. आता तिच्याकडे सबब उरली नाही.

ते बिल्ले काढायला गेली तेव्हाच तिनं फळीखालचं कपाट उघडलं. आत शिशाचा एक जाड डबा होता, कधीकाळी कसल्यातरी तपासणीच्या सामानाबरोबर आलेला. झाकणाची कड वापरून चकचकीत झाली होती. दोन्ही हातांनी तिनं ते उचललं. आत, बिल्ले एकमेकांवर वाजू नयेत म्हणून फडक्याची चौपदरी घडी बसवलेली. घडीच्या कडा आत दुमडून शिवलेल्या, टाका बारीक, आणि प्रत्येक पाचव्या टाक्याला गाठ. नवरा गेल्यानंतरच्या वर्षी, शाळेच्या सदऱ्याची बटणं तुटतात म्हणून, तिनं एका मुलाला मांडीशी बसवून हा टाका शिकवला होता. सुटू नये म्हणून पाचव्याला गाठ.

तिनं झाकण परत लावलं. ते फार जड होतं.

रविवारी दुपारी ती त्यांच्या घरी गेली. बारक्या जमिनीवर पंखा उघडून बसला होता, पात्यांना तेल देत. जाऊ भाजी निवडत होती.

"भाऊजी," वहिनी म्हणाली.

त्याचा हात थांबला. लहानपणापासून ती त्याला अरे-तुरे करायची. भाऊजी म्हणायची ती फक्त संताप अनावर झाला की. आयुष्यात तीन-चारदा.

"शिशाच्या डब्यात फडकं कुणी घातलं?"

"कोण बोललं?"

"पाचव्या टाक्याची गाठ बोलली."

तो जरा हसला. तिला अपेक्षा होती की तो घाबरेल, निदान चिडेल. तो हसला. "अगं, बसतेस का आधी? पंखा होतोच आहे."

"किती वर्षं?"

"वहिनी, ती झडप उघडायला चाळीस मिनिटं लागतात. कागदावर बारा मिनिटं दिलीत. बारा मिनिटांत तिचे बोल्टही सैल होत नाहीत. डोसची मर्यादा भरली की आत जायला बंदी, वर्ष संपेपर्यंत बस बाहेर. मग ती कोण उघडणार? साहेब?"

"दुसरा फिटर उघडेल."

"दुसऱ्याला जमत नाही." हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते तिनं ओळखलं. तो अभिमान होता. "अख्ख्या प्रकल्पात मला एकट्याला जमतं."

"आणि ते बाकीचे सहा?"

"त्यांना मीच सांगितलं. माझ्यावर विश्वास आहे त्यांचा."

"तुझा डोस किती झाला, सहा वर्षांत?"

"मला काय माहीत? मोजायचं काम तुझं."

जाऊ हातातली भाजी ठेवून पाणी घेऊन आली. "ताई, घ्या. मी ह्यांना केव्हाची म्हणतेय, ताईंना सांगून टाका. त्या काहीतरी मार्ग काढतील."

वहिनीनं पेला हातात घेतला, पण प्यायली नाही. "केव्हाची म्हणजे?"

जाऊ नवऱ्याकडे बघायला लागली. "दुसऱ्या वर्षापासून असेल."

म्हणजे तीन जेवणं. तीन वेळा ही बाई ओट्याशी उभं राहून वाटणघाटण करत होती, शून्याच्या आनंदाचं.

"तू एवढी खूश व्हायचीस," बारक्या म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखरच मऊ होता, हे सगळ्यांत वाईट. "फोन करून सांगायचीस, शून्य आलं, शून्य आलं. म्हटलं, असू दे. तुझ्या वहीत एक डाग नाही म्हणून किती मिरवायचीस. थोडं तुझ्यासाठीपण केलं असं समज."

पेला खाली ठेवून ती निघाली. शिशाचं तिनंच सांगितलं होतं. उणे डोसचं तिनंच सांगितलं होतं. जे जे तिनं प्रेमानं ताटात वाढलं, ते त्यानं जपून ठेवलं आणि तिच्यावरच वापरलं. बसथांब्यावर उभं असताना तिच्या लक्षात आलं, तिनं आत जाताना चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

सोमवारी ती तक्ता घेऊन सुरक्षा विभागाच्या साहेबांकडे गेली.

"सात जणांची वजाबाकी उणे येतेय, साहेब."

"मग शून्य लिहा. नियमच आहे तो."

"तो नियम नाही. ते मी एका मेकॅनिकला बोललेलं वाक्य आहे."

साहेबांनी चष्मा पुसला. "तुमचे तीन महिने राहिलेत. आणि तो तुमचाच माणूस आहे. विचार करा."

"माझा माणूस आहे म्हणूनच आले."

"यंत्राचं काही असेल."

वहिनीनं तक्ता उचलून घेतला. साहेबांनी बरंच काही सुचवलं होतं, फक्त एक प्रश्न विचारला नव्हता: उणे का येतंय? ज्याला ठाऊक असतं, तोच विचारत नाही. दरवर्षी झडप वेळेत उघडली जात होती आणि वरून शाबासकी येत होती. तिला साहेबांचा राग आला नाही. त्यांना तिनं कधी कणकेचा गोळा दाखवला नव्हता.

खोलीत येऊन तिनं नोंदवहीची तीन पानं, खाली कार्बन ठेवून, नीट जुळवली. एक प्रत प्रकल्पाची, एक तिची, एक थेट मुख्य कार्यालयात जाणारी. सात नावांपुढे तिनं लिहिलं: वाचन अग्राह्य, बिल्ले आच्छादित ठेवल्याचा पुरावा, प्रत्यक्ष डोस अज्ञात. पहिलं नाव बारक्याचं होतं. तिनं खोडलं नाही, कारण वहीत खाडाखोड चालत नसे.

मग मागच्या पाच वर्षांचे छापील कागद खोक्यातून काढले. कोपऱ्यात बारीक अक्षरात मूळ आकडे होतेच: आठ, सात, सात, नऊ, सात. ते त्या माणसांचे नव्हतेच, ते त्या डब्याचे होते. खरे आकडे कुठल्याच चकतीत गेले नव्हते, आणि जे थोडं गेलं होतं ते तिनंच दरवर्षी तापवून पुसून टाकलं होतं. बारक्याच्या अंगात सहा वर्षांत काय गेलं, हे आता जगातलं कुठलंही यंत्र सांगू शकणार नव्हतं. तिला तेच हवं होतं. शिक्षा नको, माफी नको, फक्त तो आकडा.

चौकशी झाली. सातही जणांना आत जायला बंदी आली. रक्त तपासलं. सहा जणांचं ठीक निघालं. बारक्याच्या पांढऱ्या पेशी थोड्या कमी होत्या. डॉक्टर म्हणाले, कशानंही असू शकतं. त्याला हत्यारांच्या कोठारात बसवलं, पाने आणि हातोड्या मोजून द्यायला. तो सगळ्यांना सांगत सुटला, "वहिनीनं घात केला. बाहेरच्यानं केला असता तर समजू शकलो असतो." साहेब बढतीवर दुसरीकडे गेले. बिल्लेघराच्या खिडकीत लोक बिल्ला पुढे सरकवून म्हणू लागले, "बाई, सही." पास की नापास कुणी विचारेना. निरोपसमारंभाला अकरा माणसं आली, त्यात पहारेकरी धरून.

पुढची तीन वर्षं वहिनी दोन खोल्यांत एकटी राहिली. दूध मात्र पूर्वीसारखं एक लिटरच घ्यायची, बारक्याकडचं कुणी जेवायला आलं तर म्हणून. शेजारच्या मुलींना गणित शिकवायची. त्यांच्यापैकी कुणी वजाबाकीत चुकलेलं तिला खपत नसे. छातीत दुखायला लागलं, गोळ्या सुरू झाल्या. जाऊ महिन्या-दोन महिन्यांनी डबा घेऊन यायची, दारातच अर्धा तास उभी राहायची, वहिनी आत ये म्हणायची, पण तीच येत नसे.

एका सकाळी बारक्या आला. केस बरेच पांढरे झालेले. चौकटीखालून वाकून आत शिरला, खुर्चीवर न बसता खाली बसला. तब्येतीचं विचारलं. मग खिशातून चार घड्यांचा कागद काढला.

"मी बसून काढलंय सगळं," तो म्हणाला. "कुठल्या वर्षी कुठली झडप, किती मिनिटं, आणि तिथं किती किरण होते ते फलकावर लिहिलेलं असायचं, तेही आठवून. गुणाकार केलेत. बघ तू. एवढाच झाला होता, वहिनी. उगाच जिवाला लावून घेतलंस."

वहिनीनं चष्मा लावला. कागद मांडीवर पसरला आणि बोटानं एकेक ओळ खाली सरकत गेली. गुणाकार बरोबर होते. बेरजाही. त्याचं गणित तिनंच घेतलं होतं, कच्चं कसं असेल? एका क्षणी तिला आत खूप हलकं वाटलं. मग तिचं बोट पहिल्या वर्षाच्या बेरजेवर परत गेलं, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या. सहाही वर्षं, प्रत्येक बेरीज मर्यादेच्या जराशी अलीकडे येऊन थांबली होती. कुठे दोननं, कुठे तीननं. एकही वर्ष खूप कमी नाही, एकही वर काढणारं नाही. बत्तीस वर्षं तिनं माणसांचे आकडे वाचले होते. खरे आकडे असे ओळीनं उभे राहत नाहीत. हे उत्तर आधी ठरवून, मग मागे मिनिटं वाटत नेली होती.

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना बघायचा तसा. आणि तिला कळलं की तो हे वाईट हेतूनं करत नाहीये. तिला बरं वाटावं म्हणून करतोय. मागच्या वेळीसुद्धा त्यानं तेच म्हटलं होतं.

तिनं कागदाच्या चार घड्या केल्या, पूर्वीच्याच रेषांवर, आणि त्याच्या हातात परत दिला.

"पटलं ना?" त्यानं विचारलं.

तिनं चष्मा काढून घडी केली. तो उठला, कागद खिशात घातला, बाहेर जाऊन चपला घालू लागला. ती दारापर्यंत आली. त्या आठवड्यात, गुरुवारी, ती झोपेतच गेली. मधल्या दिवसांत ती कुणाशी काही बोलल्याचं कुणाला आठवत नाही. बारक्याला मात्र तिचं शेवटचं बोलणं शब्दन् शब्द आठवतं. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्यावर वरून तिचा आवाज आला होता, नेहमीसारखाच:

"खाली दूधवाल्याला तेवढं सांगून जा, उद्यापासून अर्धाच लिटर टाक म्हणावं."